१४५ प्रश्न

फौजदारी कायद्याच्या वर्गात ज्यूरीचा विषय निघाला की विद्यार्थी लगेच नानावटी खटल्याचं नाव घेतात. मी त्यांना आधी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या एका खटल्याची कागदपत्रं वाचायला देते आणि पुरावा, साक्षी हे सगळं बाजूला ठेवून फक्त ज्यूरी कशी निवडली ते पाहा म्हणून सांगते.

जुलै १९९६मध्ये विनोना या छोट्या गावात फर्निचरच्या दुकानात चौघांचा खून झाला. कर्टिस फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय तरुणावर त्याबद्दल एकदा नव्हे, सहा वेळा खटला चालला. सहाही वेळा सरकारी वकील एकच, डग इव्हान्स. २०१०च्या सहाव्या खटल्यात सरकार पक्षाने पाच कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून वगळलं. वगळण्यापूर्वी त्या पाच जणांना मिळून १४५ प्रश्न विचारले होते. ज्यूरीत बसलेल्या ११ गोऱ्यांना मिळून विचारले फक्त १२.

ही आकडेवारी मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, कारण पूर्वग्रह काम कसं करतो हे तिच्याइतकं स्वच्छ दुसरं काही दाखवत नाही. ज्यूरी निवडताना काही जणांना कारण न देता नाकारण्याची मुभा वकिलांना असते. १९८६च्या बॅट्सन निकालाने या मुभेला एकच बंधन घातलं: वंश पाहून नाकारायचं नाही, आणि तसा संशय आला तर वकिलाने दुसरं कारण द्यायचं. आता कारण हवं असेल तर खोदत राहायचं. माणशी एकोणतीस प्रश्न विचारल्यावर कुणाच्याही आयुष्यात काही ना काही सापडणारच. विनोनात सगळे सगळ्यांना ओळखणारे, आणि खटल्यातल्या कुणाशी ओळख असणं हेही नाकारायचं कारण होऊ शकतं. ओळखीपाळखी गोऱ्यांच्याही होत्या, पण त्यांना कुणी खोदून विचारलं नाही, म्हणून त्या कागदावर आल्याच नाहीत.

सहा खटल्यांत मिळून सरकार पक्षाला ४२ कृष्णवर्णीयांना नाकारता आलं असतं. ४१ जणांना नाकारलं. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या खटल्यात ज्यूरीवर फार तर एक कृष्णवर्णीय होता, आणि या चारही वेळा मृत्युदंड झाला. चौथ्या खटल्यात पाच होते, पाचव्यात तीन. त्या दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही. २०१९मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहावा निकाल रद्द केला आणि पुढच्या वर्षी आरोप मागे घेतले गेले. तोवर फ्लॉवर्सची तेवीसेक वर्षं तुरुंगात गेली होती.

यावर विद्यार्थ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. कृष्णवर्णीय ज्यूरर आपल्या माणसाला सोडणार आणि गोरा ज्यूरर त्याला अडकवणार, एवढंच ना? नाही. असं मानणं हाच तर सरकारी वकिलाचा हिशेब होता. सॅम्युअल सॉमर्स या मानसशास्त्रज्ञाने मिशिगनमध्ये खऱ्या ज्यूरीसाठी बोलावलेल्या नागरिकांना घेऊन एक प्रयोग केला. सहा-सहा जणांच्या ज्यूरी केल्या, काही सगळ्या गोऱ्यांच्या, काहींत चार गोरे आणि दोन कृष्णवर्णीय, आणि सगळ्यांना एकाच कृष्णवर्णीय आरोपीचा खटला दाखवला. मिश्र ज्यूरींची चर्चा जास्त वेळ चालली, त्यांनी पुराव्यातले जास्त तपशील काढले, त्यांच्याकडून चुका कमी झाल्या. आणि यात मोठा वाटा गोऱ्यांचा होता! सोबत कोण बसलंय हे पाहून तीच माणसं साक्षीपुरावा अधिक बारकाईने तपासायला लागली. चर्चा सुरू होण्याआधीच त्यांचं दोषी ठरवण्याचं प्रमाण कमी झालं होतं. ज्यूरी सरमिसळ असावी ती आरोपीवर मेहेरबानी म्हणून नाही; नीट विचार व्हावा म्हणून.

फ्लोरिडातल्या दोन काउंट्यांतल्या दहा वर्षांच्या खऱ्या खटल्यांचा अभ्यासही याच अंगाने जातो. खटल्याच्या दिवशी ज्यूरीसाठी बोलावलेल्यांत एकही कृष्णवर्णीय नसेल तर कृष्णवर्णीय आरोपी ८१ टक्के वेळा दोषी ठरत, गोरे ६६ टक्के वेळा. बोलावलेल्यांत एखादाच कृष्णवर्णीय असला, तरी ही तफावत जवळजवळ नाहीशी होई.

मात्र नुसतं आत बसवून भागत नाही, आत बसलेल्याच्या मताला वजनही लागतं. याचा दाखला आपल्याच घरचा आहे. १९०८च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती दावर यांनी सरकारची खास ज्यूरीची मागणी मान्य केली आणि सात युरोपियन व दोन पारशी बसले. ‘केसरी’तले लेख मराठी, ज्यूरीसमोर सरकारी भाषांतर. त्या भाषांतरातल्या चुका दाखवण्यात टिळकांच्या भाषणाचा बराच भाग खर्ची पडला. निकाल लागला सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं काळं पाणी. १८९७च्या पहिल्या खटल्यातही सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन. एकमताची अट असती तर त्या दोघातिघांची समजूत घालावी लागली असती, लेखांतली वाक्यं पुन्हा काढून बघावी लागली असती. बहुमत चालत असल्याने त्यांचं ऐकण्याची गरजच उरली नाही.

अमेरिकेत लुईझियाना राज्याने हीच सोय १८९८मध्ये राज्यघटनेतच करून घेतली. कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून उघडपणे हाकलायला कायद्याची बंदी होती, तेव्हा त्यांचं मत निरुपयोगी करायचं: बारापैकी नऊ जण राजी झाले की आरोपी दोषी. पुढे नऊचे दहा झाले. ते दहा २०१८पर्यंत टिकले, मग मतदारांनीच कायदा बदलला. २०२०मध्ये रामोस खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमत सक्तीचं केलं आणि या नियमाची वंशद्वेषी कुळकथा निकालपत्रात लिहिली. दुसऱ्याच वर्षी त्याच न्यायालयाने सांगितलं की ज्यांचं अपील आधीच संपलं त्यांना हा निकाल लागू नाही. २०२२मध्ये लुईझियानाच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. त्यामुळे दहा विरुद्ध दोन अशा मतांनी दोषी ठरलेली माणसं आजही तिथे जन्मठेप भोगत आहेत. त्यांच्या खटल्यांत ज्या दोघांनी ‘नाही’ म्हटलं, त्यांना नेमकी कसली शंका होती हे कुणी विचारलेलं नाही.