पहिल्या सहामाहीचा निकाल

माझा मामेभाऊ अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँट गावी राहतो. उन्हाळ्यात तिथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात झालेले असतात. मी पोळ्या लाटत असते आणि तो बेसबॉलचा सामना लावून मला फोन करतो. 2019 च्या एप्रिलमध्ये एका सकाळी तो फार चिडलेला होता. "आपा, त्या फरहानने टीमची पार वाट लावली!" मला वाटले, खानदानातल्याच कुणा फरहानने काही उद्योग केला. बऱ्याच वेळाने उलगडा झाला की हा फरहान म्हणजे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या संघाचा कारभारी, फरहान झैदी.

नाव ऐकून मी लाटणे खाली ठेवले. बेसबॉलशी माझा काय संबंध? पण नावाचा संबंध लागतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मग मी त्याच्याविषयी वाचत गेले. घराणे मूळचे पाकिस्तानातले, जन्म 1976 मध्ये कॅनडात, बालपण फिलिपाईन्सच्या मनिला शहरात. एमआयटीतून अर्थशास्त्राची पदवी, बर्कलेला डॉक्टरेट. स्वतः मोठा खेळाडू कधीच नव्हता. 2005 मध्ये ओकलंडच्या संघात आकडेमोड करायला लागला आणि 2014 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा जनरल मॅनेजर झाला. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांतला पहिला मुस्लिम जनरल मॅनेजर म्हणून त्याचे नाव घेतले जाते. नोव्हेंबर 2018 मध्ये जायंट्सने त्याला त्याहूनही वरच्या पदावर आणले.

जनरल मॅनेजर मैदानात उतरत नाही. कोणाला घ्यायचे, कोणाला सोडायचे, कोणाच्या बदल्यात कोणाला द्यायचे, हे तो ठरवतो. आपल्या शाळेच्या भाषेत सांगायचे तर भरती, समायोजन आणि कार्यमुक्ती, तिन्ही टेबले एकाच माणसाकडे.

त्याच्या हाती आलेला संघ थकलेला होता. 2010, 2012 आणि 2014 अशी तीन जगज्जेतेपदे मिळवलेला हा संघ 2017 मध्ये 162 पैकी 98 सामने हरला होता. खेळाडू वयाने वाढलेले, त्यांचे करार लांबलचक आणि महागडे. लोकांना मात्र नव्या माणसाकडून लगेच मोठे नाव हवे होते. ब्राइस हार्पर येईल अशी आशा होती. तो 33 कोटी डॉलर्सच्या करारावर फिलाडेल्फियाला गेला. मग 2019 चा मोसम सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात कॉनर जो आणि मायकेल रीड ही दोन नावे संघात दिसली. दोघेही नुकतेच, जवळजवळ मोसमाच्या तोंडावर, दुसऱ्या संघांकडून आणलेले. रीडने आठ वेळा बॅट धरली, एकदाही फटका लागला नाही. जोने पंधरा वेळा धरली, एकदाच लागला. एप्रिलच्या मध्यापर्यंत दोघेही संघाबाहेर. भाऊ म्हणाला, "हा माणूस भंगारवाल्यासारखा रोज काहीतरी घेऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी टाकून देतो."

त्याच जूनमध्ये मी आमच्या खाडीकाठच्या उर्दू हायस्कूलमध्ये शिक्षण सेवक म्हणून लागले. तीन वर्षांची सेवा, महिना आठ हजार मानधन. आठवीचे गणित माझ्याकडे आले. आधीचे सर वीस-बावीस वर्षे शिकवून निवृत्त झाले होते. गावातल्या निम्म्या बापांना त्यांनीच शिकवलेले. ऑगस्टमध्ये पहिली घटक चाचणी झाली आणि 41 पैकी 17 मुले नापास. दुसऱ्याच दिवशी पालक ऑफिसात. संस्थेचे एक बुजुर्ग सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, सरांच्या वेळी असे कधी होत नव्हते." या मुलांना अपूर्णांकांची बेरीजच येत नाही, हे मला सांगायचे होते. पण अडीच महिन्यांची बाई बोलणार काय! घरी येऊन अम्मीच्या कुशीत रडले. अम्मी एवढेच म्हणाली, "सब्र कर."

त्या रात्री मला फरहान झैदीविषयी फार जवळीक वाटली. जणू आम्ही दोघे एकाच शाळेत नोकरीला होतो.

त्या 2019 मध्येच एक गोष्ट घडली होती, तिच्याकडे सुरुवातीला कुणाचे लक्ष नव्हते. मार्चमध्ये झैदीने बाल्टिमोरकडून माइक यास्त्रेम्स्की नावाचा खेळाडू घेतला होता. आजोबा कार्ल यास्त्रेम्स्की हे बेसबॉलमधले फार मोठे नाव, पण नातू अठ्ठावीस वर्षांचा झाला तरी मोठ्या संघात एकही सामना खेळलेला नाही. मेमध्ये त्याला संधी मिळाली आणि त्या मोसमात त्याने 21 होम रन मारले. ज्या सवयीने जो आणि रीड आले, त्याच सवयीने यास्त्रेम्स्कीही आला. फसलेले दोन लोकांनी आधी पाहिले, जमलेला एक उशिरा.

तो मोसम 77 विजय आणि 85 पराभवांवर संपला. त्यानंतर मॅडिसन बमगार्नर हा लोकांचा लाडका गोलंदाज संघ सोडून ॲरिझोनाला गेला. झैदीने त्याला अडवण्यासाठी तिजोरी उघडली नाही म्हणून लोक हळहळले. पुढे 2023 च्या एप्रिलमध्ये ॲरिझोनाने तोच गोलंदाज करार संपण्याआधीच मोकळा केला. तेव्हा कुणी झैदीला शाबासकी द्यायला गेले नाही.

2021 मध्ये मात्र चमत्कार झाला. जायंट्सने 107 सामने जिंकले, संघाच्या इतिहासातला विक्रम. आणि 106 जिंकणाऱ्या डॉजर्सना एका विजयाने मागे टाकून गटात पहिला क्रमांक. फोनवर तोच भाऊ, तोच फरहान, पण सूर वेगळा. "आपा, आपला फरहान अक्कलवान आहे!"

मी खूष झाले. पण गणिताच्या बाईला हिशेब तपासल्याशिवाय राहवत नाही. त्या वर्षी चमकलेले बस्टर पोझी, ब्रँडन क्रॉफर्ड, ब्रँडन बेल्ट हे झैदी येण्याआधीपासूनचे. तरुण गोलंदाज लोगन वेबही आधीच्या कारभाऱ्यांनी निवडलेला. झैदीने गॉसमन, वेड यांच्यासारखी माणसे कमी किमतीत जोडून भोवतीच्या फटी बुजवल्या. ते काम लहान नव्हते, पण सारा पीक त्याने पेरलेला नव्हता. पहिल्या वर्षाचा दोष जसा पूर्ण त्याचा नाही, तसे तिसऱ्या वर्षाचे श्रेयही पूर्ण त्याचे नाही. हे मान्य करताना जीवावर आले, कारण नाव फरहान होते. आपल्या माणसाचा पराभव परिस्थितीमुळे आणि विजय कर्तबगारीमुळे, असा हिशेब मीही करत होते. इन्साफाच्या तराजूत हाही एक खोटाच.

पुढे पोझी निवृत्त झाला आणि उतार लागला. 2022 मध्ये 81 विजय, 81 पराभव. 2023 मध्ये 79 विजय, 2024 मध्ये 80. मोठी नावे हातातून निसटत राहिली. कार्लोस कोरियाचा 35 कोटी डॉलर्सचा करार वैद्यकीय तपासणीनंतर बारगळला. रोज बदलणाऱ्या संघात लोकांना जीव लावायला चेहरा उरला नाही, ही तक्रार खोटी नव्हती. 30 सप्टेंबर 2024 रोजी झैदीला पदावरून दूर केले आणि त्याच्या जागी आला बस्टर पोझी. सहा मोसमांनंतरचा हा निकाल मला अन्यायाचा वाटला नाही. सहा वर्षे पुरेशी असतात. आणि पोझीच्या पहिल्या वर्षाचा, 2025 चा, निकाल? पुन्हा 81 विजय, 81 पराभव.

आता मला माझी गोष्ट पुरी केली पाहिजे, कारण ती सांगण्यासाठीच मी लिहायला बसले.

2023 च्या जूनमध्ये आमच्याकडे नवे हेडसर आले. बाहेरगावचे, अबोल. आल्या आल्या त्यांनी वेळापत्रक बदलले. माझी नववी काढून दुसऱ्यांना दिली आणि मला पाचवीच्या कच्च्या मुलांचा जादा तास दिला, तोही शाळा भरण्याआधी. मला तो अपमान वाटला. सहा आठवड्यांत स्टाफने संस्थेला अर्ज लिहिला, "हेडसरांना शाळा चालवता येत नाही." अर्ज फिरत माझ्यापुढे आला. आठवीच्या त्या 17 मुलांची बाई मीच होते. तरी मी सही केली. वर्ष संपताच हेडसर राजीनामा देऊन गेले. जाताना मला एवढेच म्हणाले, "मॅडम, पाचवीचा तास बंद पडू देऊ नका."

तो तास अजून चालू आहे. त्यातली पहिली मुले सातवीत गेली, तेव्हा त्यांना अपूर्णांकांची बेरीज येत होती.

त्या दिवशी मला कॉनर जो आठवला. झैदीने ज्याला पंधरा संधींत मोडीत काढले, तो 2020 मध्ये कर्करोगाने आजारी पडला, बरा झाला आणि 2021 मध्ये कोलोरॅडोकडून पुन्हा मोठ्या मैदानावर खेळला, चांगला खेळला. ज्याच्याविषयी लोकांनी घाईने मत बनवले, त्यानेही दुसऱ्याविषयी घाईच केली होती. झैदीपाशी निदान सबब होती. यादीतल्या जागा मोजक्या होत्या. माझ्यापाशी काय होते? दुखावलेला मान आणि हातातले पेन. हेडसरांचा पत्ता मिळवून मी माफीचे पत्र लिहिले. उत्तर आले नाही. येण्याचा हक्कही नव्हता.

यंदा शाळेत नवी शिक्षण सेविका आली आहे. पहिल्या चाचणीचा निकाल लागल्यावर स्टाफरूममध्ये कुणी मला विचारले, "मॅडम, नव्या बाई कशा वाटतात?" मी म्हटले, "पंधरापेक्षा जास्त वेळा बॅट तरी धरू द्या त्यांना."

कुणाला काही कळले नाही. घंटा झाली आणि मी पाचवीच्या वर्गावर निघाले.