निर्दोषत्वाचा दाखला

हार्ड डिस्क तपासून झाल्यावर संगणक जो अहवाल देतो, त्यातले एकच वाक्य बहुतेक जण वाचतात : कोणतीही अडचण आढळली नाही. ते वाचून हायसे वाटते आणि खिडकी बंद केली जाते. या वाक्याशी माझे भांडण नाही. ते बहुधा खरेच असते. पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे विचारल्यावाचून त्याचा अर्थ लावता येत नाही.

डॉसच्या काळापासून चालत आलेली ‘चेकडिस्क’ ही आज्ञा विंडोजमध्ये अजून आहे. ती काय करते हे समजण्यासाठी ग्रंथालयाचा दाखला पुरेसा आहे. ग्रंथालयात एक नोंदवही असते आणि कपाटांत पुस्तके असतात. चेकडिस्क नेहमीच्या तपासणीत फक्त नोंदवही तपासते. प्रत्येक फाइलची नोंद धड आहे का, नोंद आणि तिचे फोल्डरमधले नाव यांचा मेळ बसतो का, फाइल कोणी उघडावी याविषयीच्या परवानग्यांच्या नोंदी शाबूत आहेत का, असे ते तीन टप्पे. पुस्तक उघडून त्याची पाने चाळणे या तपासणीत येत नाही. त्यासाठी आज्ञेपुढे ‘आर’ हा पर्याय द्यावा लागतो. मग आणखी दोन टप्पे होतात : फाइलींतला मजकूर आणि रिकामी जागा खरोखर वाचली जाते. मोठ्या डिस्कला त्यासाठी अनेक तास लागतात, म्हणून तो पर्याय सहसा कोणी देत नाही.

अहवालाच्या शेवटी आणखी एक फसवी ओळ असते : खराब सेक्टरांत ० केबी. तिचा अर्थ डिस्कवर खराब सेक्टर नाहीत असा नाही. खराब म्हणून नोंदवहीत मांडलेली जागा शून्य आहे, एवढाच आहे. कपाटाला वाळवी लागली असेल, पण नोंदवहीत कोणी ते लिहिले नसेल, तर नोंदवही निष्पापच राहणार.

डिस्कची स्वतःची वही निराळी असते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. ती वाचायला वेगळी साधने लागतात. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ किंवा ‘स्मार्टमॉनटूल्स’ ही त्यांपैकी सर्वपरिचित. त्या तक्त्यात प्रत्येक गुणधर्मापुढे चालू मूल्य, आजवरचे सर्वांत वाईट मूल्य, उंबरठा आणि कच्चा आकडा असे चार रकाने असतात. नवखा वाचक कच्च्या आकड्याला घाबरतो. काही उत्पादकांच्या अगदी धडधाकट डिस्कवर वाचनदोषांचा कच्चा आकडा कोटींत दिसतो, कारण त्यात दोषांबरोबर एकूण वाचनांची संख्याही गुंफलेली असते. उलट काही ओळींत एक आकडी संख्याही गंभीर असते. पाचव्या क्रमांकाची ओळ बदली केलेल्या सेक्टरांची, १९७ वी निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांची, १९८ वी दुरुस्त न होणाऱ्यांची. १९९ वी ओळ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिला जोडणाऱ्या केबलचा असतो. कोणती ओळ कशाविषयी बोलते हे ठाऊक नसेल, तर हा तक्ता म्हणजे दुसऱ्याच्या रक्ततपासणीचा कागद.

‘प्रतीक्षेत’ हा शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे. डिस्कवर लिहिलेल्या प्रत्येक सेक्टरासोबत काही जादा बिट लिहिलेले असतात. वाचताना किरकोळ चूक झाली तर त्यांच्या आधारे ती तिथल्या तिथे दुरुस्त होते. या विद्येचा पाया रिचर्ड हॅमिंग यांच्या १९५० सालच्या शोधनिबंधाने घातला. बेल लॅबमधले यंत्र शनिवार-रविवारी चूक सापडताच त्यांचे काम सोडून देई. यंत्राला चूक झाल्याचे कळते, तर ती कुठे झाली हे का कळू नये, असा त्यांचा प्रश्न होता. चूक जादा बिटांच्या कुवतीपलीकडे गेली की डिस्क पुन्हापुन्हा वाचून पाहते आणि शेवटी तो सेक्टर प्रतीक्षायादीत टाकते. तिथे पुन्हा काही लिहिले जाईपर्यंत तो तिथेच राहतो. लेखन जमले तर यादीतून सुटतो. न जमले तर राखीव जागेतला एक सेक्टर त्याच्या जागी बदली येतो.

माझ्या डिस्कच्या १९७ व्या ओळीत एके दिवशी ८ हा आकडा दिसला. चेकडिस्कचा अहवाल त्याच दिवशी स्वच्छ होता, आणि दोन्ही खरे बोलत होते. आठ हा आकडाही अर्थपूर्ण होता. अलीकडच्या डिस्कवरचा प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटांचा असतो. जुन्या प्रणालींच्या सोयीसाठी डिस्क तो ५१२ बाइटांचे आठ सेक्टर म्हणून दाखवते. म्हणजे आठ नव्हे, एकच जागा गेली होती.

ती जागा आईच्या ओव्यांच्या एका फाइलमध्ये होती. २००६ साली तिने आठवतील तशा जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, त्यांच्या ४३ ध्वनिफिती. आई २०११ मध्ये गेली. सेकंदाला १२८ किलोबिट या दराने साठवलेल्या आवाजात ४०९६ बाइट म्हणजे साधारण पाव सेकंद. एखादे अक्षर, किंवा दोन ओळींमधला श्वास.

अशा वेळी सगळेच ‘दुरुस्ती करा’ असे सांगतात. पण चेकडिस्कची दुरुस्ती ही नोंदवहीची दुरुस्ती असते. वाचता न आलेला तुकडा तिला परत आणता येत नाही. ती जागा बाद ठरवून ती नोंदी सुसंगत करते, आणि या व्यवहारात मजकुराचा बळी जाऊ शकतो. शिवाय तासन्‌तास चालणारी तपासणी आजारी डिस्कवर ताण टाकते. म्हणून क्रम ठरलेला असावा : आधी जे वाचता येते ते दुसरीकडे उतरवून घ्यायचे, मग तपासायचे, शेवटी दुरुस्त करायचे. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. मात्र बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांवर चार ठळक लक्षणांपैकी एकही दिसले नव्हते. म्हणजे दोष दिसला तर तातडीने हलावे. न दिसला तर निर्धास्त मात्र होऊ नये.

ओव्यांची दुसरी प्रत बहिणीकडे होती. तिच्या प्रतीतून ती फाइल आणून जुन्या जागी लिहिली, तेव्हा प्रतीक्षेचा आकडा शून्यावर आला आणि बदलीचा आकडाही शून्यच राहिला. पृष्ठभाग शाबूत असावा. मध्येच वीज गेल्याने अर्धवट राहिलेले लेखनही असे दिसू शकते. तरी ती डिस्क मी दुय्यम कामाला लावली.

खरा धक्का नंतर बसला. दोन्ही प्रतींतल्या सर्व फाइलींचे ‘शा-२५६’ पद्धतीचे अंकठसे काढून ताडून पाहिले, तर आणखी एका फाइलचे ठसे जुळेनात. दोन्ही डिस्का ती फाइल तक्रारीविना वाचत होत्या, नोंदवह्या स्वच्छ होत्या, तक्तेही स्वच्छ होते. कुठल्याशा नकलेत काही बाइट बदलले होते आणि बदललेला मजकूर पुढे इमानेइतबारे जपला गेला होता. डिस्क आपल्यावर लिहिलेले जपते. ते खरे आहे का, हे तिला कोणी विचारलेलेच नसते.

आपल्या परंपरेला हा पेच नवा नाही. वेदपाठकांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे प्रकार योजले. क्रमात प्रत्येक पद पुढच्या पदाशी जोडून येते, जटेत तीच जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हटली जाते. एखादे पद निसटले तर पठण अडखळावे, हा या पुनरुक्तीचा लाभ. ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पोथी नुसती सुवाच्य असून भागत नाही, हे त्यांना ठाऊक होते. चूक ओळखायला दुसरी प्रत लागते. कोणती प्रत चुकली हे ठरवायला मात्र तिसरी लागते, किंवा जाणता कान.

आमच्याकडे कान होता. आम्ही दोघांनी ती फाइल दोन्ही प्रतींतून ऐकली. माझ्या प्रतीत एका ओवीच्या मध्यावर ‘टक्’ असा आवाज येऊन अक्षर तुटत होते. बहिणीच्या प्रतीत ते सलग होते. निर्णय क्षणात झाला, कारण तो आवाज आम्हांला पाठ आहे. आणखी तीस-चाळीस वर्षांनी हे ऐकणाऱ्याला तो खरखराटही मूळचाच वाटेल. म्हणून आता तीन प्रती तीन घरांत आहेत, आणि प्रत्येकीसोबत ४३ अंकठशांची यादी. दिवाळीच्या सुट्टीत तिन्ही प्रती त्या यादीशी ताडून पाहायच्या, असे ठरले आहे.