पाणी कोणाच्या विहिरीत?

२०१७ साली आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावानं पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेत नाव दिलं. ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस श्रमदान. प्रशिक्षण घेऊन आलेल्यांत मी होतो, त्यामुळे पुढारपण आपलंच असं धरून चाललो.

आदल्या रात्री देवळाच्या भोंग्यावरून दहा मिनिटं बोललो. सकाळी सहाला टेकडीवर सात माणसं, त्यातले पाच आम्ही प्रशिक्षणवालेच. तिसऱ्या रात्री भोंग्यावरून न येणाऱ्यांचा उद्धार केला. चौथ्या दिवशी पाचच उरले.

शेवटी पानठेल्यावर शेजारच्या काकांना विचारलं, ‘‘काका, तुम्ही काऊन येत नाही?’’

त्यांनी खर्रा गालात सरकवला. ‘‘चर कुठं खोदून राहिला बाबू तू? तुमच्या भावकीच्या वावराच्या वर. मंग पानी कोनाच्या विहिरीत जाईन?’’

मला उत्तर सुचेना. चढायला सोपा म्हणून आम्ही तो उतार धरला होता. त्याच्या खाली सगळी आमचीच वावरं आहेत, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. गावाच्या मात्र पहिल्याच दिवशी आलं होतं.

त्या संध्याकाळी काकांना घेऊन दुसऱ्या उतारावर गेलो. सोबत ए फ्रेम: बांबूचे दोन पाय, मधे आडवी काठी, वरून सुतळीला लोंबणारा गोटा. सुतळी काठीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं फक्की टाकायची, पुढं सरकायचं. चर समपातळीत असला तर पाणी जागीच थांबून मुरतं. जराही कलला तर एका टोकाला धावतं आणि चर फोडतं. एक पाय मी काकांच्या हाती दिला. थोडं पुढं गेल्यावर ते थांबले. ‘‘लोंढा या बाभळीखालून येते. आधी इथं दगडाचा बांध घाला, नाहीतर तुमचे चर पहिल्याच पान्यात बुजतीन.’’

ही गोष्ट मला प्रशिक्षणात कळली नव्हती, कळणारही नव्हती.

दुसऱ्या दिवशी काम तिकडं हलवलं. काका दोन्ही पोरांना, सुनेला घेऊन आले. सुनेमागून तिच्या बचत गटाच्या बाया आल्या. मे महिन्यात ऊन डोक्यावर यायच्या आत पन्नास-साठ टोपली हलायची. काही घरं शेवटपर्यंत आली नाहीत. त्यांच्यावर मी पुन्हा बोललो नाही. भोंग्यावरून फक्त उद्या कुठं जमायचं तेवढं सांगायचो.

पन्नास लाखांचं पहिलं बक्षीस आमच्याच तालुक्यातल्या काकडदऱ्यानं नेलं. आम्हाला काही मिळालं नाही.

आमची ए फ्रेम काकांच्या गोठ्यात टांगलेली असते. कोणाला वावरात बांध घालायचा झाला, तर ती मागायला लोक त्यांच्याकडं जातात. मीसुद्धा.