उशिराचा हिशेब

विमान अजून कागदावरही पुरतं उतरलेलं नसतं, तेव्हाच आम्हाला विचारलं जातं: विमानातल्या या इलेक्ट्रॉनिक खोक्यातला निरोप त्या खोक्यात पोचायला जास्तीत जास्त किती वेळ लागेल? खोकी बनलेली नसतात, सॉफ्टवेअर कोण लिहिणार तेही ठरलेलं नसतं. लग्नाची तारीख निघायच्या आधीच आचाऱ्यानं ‘पानं किती?’ विचारावं, तशातली गत. तरी आकडा द्यावा लागतो, कारण तारा, स्विच आणि वजन सगळं त्यावर ठरतं.

खोकी जोडायच्या एरिंक ४२९ या मानकाच्या जमान्यात हे सोपं होतं. एका तारेवर बोलणारा एक, बाकीचे ऐकणारे. रांग नाही, तारांचं जंगल मात्र अफाट. मग २००५ साली तुलूझहून एअरबस ए-३८० उडालं ते इथरनेटच्या जाळ्यावर, एएफडीएक्सवर. तार सामायिक झाली, आणि सामायिक म्हटलं की रांग आलीच. म्हणून प्रत्येक व्हर्च्युअल लिंकला, म्हणजे एका पाठवणाऱ्याच्या ठरलेल्या वाटेला, शिस्त लावलेली असते: दोन फ्रेममध्ये, म्हणजे निरोपाच्या दोन पाकिटांमध्ये, ठरलेलं किमान अंतर, १ ते १२८ मिलिसेकंदांमधलं. ही शिस्त आहे म्हणून तर रांगेची कमाल लांबी कागदावर काढता येते.

मोजून का नाही बघत, असं नवी मुलं विचारतात. मोजा की! पण प्रत्येक खोक्याचं घड्याळ आपल्याच तालात चालतं. सगळ्यांच्या फ्रेम एकाच क्षणी स्विचच्या एकाच दारावर थडकण्याचा योग चाचणीत वर्षभर येणार नाही. उतरताना धुक्यात येईल. सरासरी हा शब्द आमच्या खोलीत कोणी काढत नाही.

माझ्या पहिल्याच मॉडेलमध्ये वीस लिंक एका स्विचच्या एकाच दारातून बाहेर पडत होत्या. १५१८ बाइटची मोठ्यात मोठी फ्रेम, १०० मेगाबिटची तार: मधल्या सक्तीच्या मोकळ्या जागेसकट एकीला सुमारे १२३ मायक्रोसेकंद. वीस गुणिले १२३, म्हणजे जवळजवळ अडीच मिलिसेकंद. त्या टप्प्याला मर्यादा दोनची. मी घाबरून जादा स्विच मागितला, आणि बैठकीत दोन दिवस त्याच्या वजनावरून भांडणं झाली.

आमच्या गटातल्या ज्येष्ठ बाई मूळच्या वऱ्हाडातल्या. माझा तक्ता बघून त्यांनी एवढंच विचारलं, “अरे बाप्पा, या वीस लिंक आत येतात किती तारांनी?”

“दोन.”

“मग एका तारेतून दहा फ्रेम एकदम कशा येतील? एकामागे एकच येतील ना!”

खरंच की. मागची आत येईपर्यंत पुढची बाहेर पडत असते. मी सगळ्यांना एकाच क्षणी दारात उभं केलं होतं. सावधपणा म्हणून नव्हे, आळसापोटी. सगळं पुन्हा मांडलं. आकडा दीड मिलिसेकंदाच्या आत आला. जादा स्विचची मागणी मी त्याच संध्याकाळी मागे घेतली.