कवीचे घर

जुन्या घराविषयी हळवे होणे त्यालाच परवडते, ज्याला त्या घरात कधी पाणी भरावे लागले नाही. हे मला मालगुंडास गेल्यावर कळले. तोपर्यंत वसईतल्या आमच्या घराविषयी मी पुष्कळ हळवा होतो. केळीच्या वाडीत उभे असलेले, पुढे ओटी, मागे पडवी, परसात कधीचाच थांबलेला रहाट, असे ते घर. ते पाडून तेथे इमारत उभारण्याचे भावंडांनी ठरविले होते. करारावर माझी सही तेवढी राहिली होती, आणि मी ती लांबवीत होतो. धाकटा भाऊ एकदा हसून म्हणाला, "दादा, तू केशवसुतांचा एवढा भक्त. तुतारी फुंकून जुन्याला निरोप द्या म्हणणारा तुझाच कवी ना?"

या टोमण्यास मजपाशी उत्तर नव्हते. ते शोधावे म्हणून म्हणा, की सही आणखी आठ दिवस पुढे जावी म्हणून म्हणा, मी केशवसुतांचे जन्मघर पाहावयास निघालो. त्र्याऐंशी वर्षांची आत्याही हट्टाने बरोबर आली. वाटेत खाण्यासाठी तिने आगाशीची सुकेळी बांधून घेतली होती.

रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळ्याच्या शेजारी मालगुंड आहे. कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म येथे 1866 साली झाला. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषदेने ते घर जतन केले आणि 1994 साली कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. उतरत्या छपराचे बेताचे घर, सारवलेली जमीन, जुन्या गृहस्थीची आठवण देणाऱ्या चार वस्तू. आवारात शिळांवर कोरलेल्या कविता आहेत, आणि शेजारच्या दालनात मागून आलेल्या कवींच्या तसबिरी.

त्या तसबिरींकडे पाहता पाहता मनात आले की, ज्याचे हे घर त्याचा मात्र चेहरा आपल्याला ठाऊक नाही. केशवसुतांचे एकही छायाचित्र उपलब्ध नाही. 1905 साली हुबळीस प्लेगने त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. तो पुढे हरि नारायण आपट्यांनी काढला. चेहरा गेला, संसार गेला. उरल्या त्या कागदावरच्या ओळी, आणि त्यांच्या आधाराने हे घर पुन्हा उभे राहिले. घराने कवीला राखले असे आपण सहज म्हणतो. वास्तविक कवीच्या शब्दांनी घराला राखले आहे.

आत्या उंबऱ्याशी बसली होती. तळहात जमिनीवर फिरवून ती म्हणाली, "सारवण बरे आहे. कोण करते?"

"असेल कोणी नेमलेले," मी म्हणालो. "पण आत्या, घर किती शांत आहे!"

"शांत आता आहे," ती म्हणाली. "भरल्या घरात शांतता कुठली रे? या जमिनीवर त्याच्या आईने किती पोतेरे फिरवले असतील, किती घागरी ओढल्या असतील, ते कुठल्या दगडावर कोरले आहे का?"

मी गप्प राहिलो. 1893 सालची ती 'तुतारी' मला आठवली. आणि तिच्याबरोबरच नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून लिहिलेली, घराच्या ओढीने व्याकूळ झालेली कविताही आठवली. दोन्ही एकाच हातच्या. जुन्या रूढी मराव्यात म्हणणाऱ्याला आपले घर विसरता आले नव्हते. त्याने कवी म्हणून घेतलेल्या नावातसुद्धा, केशवाचा पुत्र म्हणून, बाप बरोबर नेला होता. भावाला द्यावयाचे उत्तर सापडले असे मला वाटले आणि मी ते उत्साहाने आत्याला सांगू लागलो.

तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "हे सगळे खरे. पण आपले घर पाडायचे असेल तर पाडा. पहाटे उठून त्या रहाटावर माझे हात सोलून निघत. चूल पाहायला छान; फुंकायला नव्हे."

"हे तू आजवर बोलली नाहीस!"

"मला कोणी विचारले?"

परतीच्या प्रवासात आम्ही फारसे बोललो नाही. खिडकीबाहेर अंधार होता आणि ती सुकेळ्यांचे तुकडे करून माझ्या हातावर ठेवीत होती. घराला वाचविण्याची भाषा मी इतके दिवस करीत होतो, परंतु वाचविण्याजोगे जे होते ते माझ्या शेजारी बसून पेंगत होते.

सही मी अद्याप केलेली नाही, परंतु करणार आहे. त्याआधी एक वही आणली आहे. रोज सायंकाळी आत्या ओटीवर बसते, एकेका खोलीचे सांगते आणि मी लिहून घेतो. काल माजघराची पाळी होती. लहानपणी त्या काळोखात बसून ती पाटीवर चार ओळी जुळवीत असे, आणि कोणाची चाहूल लागली की तळहाताने पुसून टाकीत असे.

"त्यातली एखादी आठवते?" मी विचारले.

तिने बराच वेळ डोळे मिटले, आणि मग मान हलविली. मी वहीत तिच्यासाठी अर्धे पान कोरे सोडले आहे.