हात लावण्याआधी

1
रेल्वेच्या संगणकात बदलापूर म्हणजे बीयूडी. फलाटावरच्या इंडिकेटरवर बीएल. अंबरनाथ तिथे एबीएच, इथे नुसता ए. कर्जत तिथे केजेटी, इथे एस. रोजचा प्रवासी दोन्ही ओळखतो. कोडमध्ये बीयूडी शोधणाऱ्याला बीएल सापडत नाही, आणि ए शोधायला गेलं तर प्रत्येक ओळ सापडते.

2
बदल करण्याआधीचा पहिला प्रश्न: हे आणखी कोण वापरतंय?

3
22 सप्टेंबर 2025. कपड्यांवरचा जीएसटी बदलला. आधी नगाला 1000 रुपयांपर्यंत 5 टक्के, त्यावर 12. आता 2500 पर्यंत 5, त्यावर 18. उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांची 1800 ची पॅन्ट 12 वरून 5 वर आली, 3000 ची 12 वरून 18 वर गेली. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन आकडे बदलायचे. ऐकायला एवढंच.

4
अशा सॉफ्टवेअरमध्ये 1000 शोधून पाहावं. एक कराच्या मर्यादेचा. एक, रिपोर्टमध्ये एका वेळी किती ओळी आणायच्या त्याचा. एक, ग्रॅमचे किलो करताना भागायचा. एक उधारीच्या इशाऱ्याचा. दिसायला सगळे सारखे. 'रिप्लेस ऑल'ला त्यांतला फरक कळत नाही. तो एकेक ओळ उघडून माणसानेच बघायचा असतो.

5
माल परत येतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात 12 टक्क्यांनी गेलेली पॅन्ट ऑक्टोबरात परत आली, तर क्रेडिट नोट 12 नेच निघायला हवी. म्हणून जुना दर पुसायचा नाही. त्याला 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' जोडायचं. बिल, परतीचा माल, जीएसटीआर-1: दर कोण कोण वाचतं हे आधी शोधलं, तरच हे सुचतं.

6
एडिटरचं 'फाइंड ऑल रेफरन्सेस' आपल्या प्रोजेक्टपुरतं बघतं. त्याला न दिसणाऱ्या गोष्टी:
प्रोग्राम चालू असताना तुकडे जोडून तयार होणारं फंक्शनचं नाव.
रिपोर्टच्या फाइलीत लिहिलेली क्वेरी.
रात्री दोनला चालणारा क्रॉन जॉब.
अकाउंटंटने थेट डेटाबेसला जोडलेली एक्सेल शीट.
शेवटची सापडायला खुर्चीवरून उठून अकाउंटंटच्या टेबलापर्यंत जावं लागतं.

7
22 मार्च 2016. अझर कोचुलू या प्रोग्रामरने एका नावावरून झालेल्या वादात एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारातली आपली पॅकेजेस काढून घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' होतं. 11 ओळी. काम: मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा किंवा शून्यं भरून तो हव्या त्या लांबीचा करणं. बेबेल या जावास्क्रिप्टच्या कंपायलरची बिल्ड्स अडली आणि बेबेल वापरणाऱ्यांची जगभर अडली. यांतल्या बहुतेकांनी लेफ्ट-पॅड स्वतः घेतलंच नव्हतं. त्यांनी जे घेतलं, त्याने ते घेतलं होतं.

8
कोणी काय घेतलंय ती साखळी बघायला जावास्क्रिप्टला 'एनपीएम एलएस', जावाला मेव्हनचं 'डिपेंडन्सी ट्री', पायथनला 'पिपडेपट्री'. मिनिटभराचं काम.

9
बदलापूरजवळचं बारवी धरण एमआयडीसीचं. पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन पुढे जातं: अंबरनाथची औद्योगिक वसाहत, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली आणि ठाण्याचा काही भाग, मीरा-भाईंदर. दुरुस्तीसाठी 24 तास पाणी बंद ठेवायचं असलं की आधी सूचना निघते. कधीपासून, कधीपर्यंत, कुठे कुठे. पुरवठा सुरू झाल्यावरही काही काळ पाणी कमी दाबाने येईल, हेही त्यात असतं. रिलीज नोट अशी लिहावी.

10
डिसेंबर 2021, जावातली लॉग4जे ही लायब्ररी. दोष जाहीर झाला तेव्हा कंपन्यांपुढे दुरुस्तीच्याही आधीचा प्रश्न उभा राहिला: आपल्याकडे हे आहे का, आणि कुठे? ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने 'सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स'च्या मार्गदर्शक सूचना काढल्या. सॉफ्टवेअरमध्ये कोणते घटक, कोणत्या आवृत्तीचे, याची यादी. ती दोष सापडण्याआधी तयार असली तरच उपयोगाची.

11
फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. 8 ऑगस्ट 1949 ला त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. पत्त्यांत कॅम्प, सेक्शन आणि बॅरक अजून आहेत. रस्त्याचं नाव मागणाऱ्या फॉर्मात बॅरक नंबरला जागा नसते. मग तो 'लँडमार्क'च्या रकान्यात जाऊन बसतो. कोड वाचला तर हा रकाना ऐच्छिक. आत भरलेला डेटा वाचला तर कळतं, पार्सल त्याच्याच भरवशावर पोचतं.

12
गूगलमध्ये काम करताना हायरम राइट यांनी केलेलं निरीक्षण: वापरणारे पुरेसे वाढले की सॉफ्टवेअरच्या दिसणाऱ्या प्रत्येक वागण्यावर कोणी ना कोणी विसंबलेलं असतं, मग ते वागणं तुम्ही कबूल केलेलं असो वा नसो.

13
अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्थानक होतंय. यादीत एक नाव वाढणार. वेळापत्रकात, भाड्याच्या तक्त्यात, पासात, इंडिकेटरवर, डब्यातल्या 'पुढील स्टेशन'मध्ये, मोबाइलवरच्या तिकिटात. आणि अंबरनाथनंतर बदलापूरच येतं असं धरून कुणीतरी कधीतरी लिहिलेल्या एका ओळीत.

14
मायकेल फेदर्स यांचं 'वर्किंग इफेक्टिव्हली विथ लेगसी कोड' 2004 चं. जुना कोड बदलण्याआधी तो आज कसा वागतो ते टेस्टमध्ये पकडून ठेवा, आणि बदलाचा परिणाम कुठवर जाईल त्याचं कागदावर चित्र काढा, असं ते सांगतात. कागद आणि पेन्सिल. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवावं.

15
डेटाबेसमधला एखादा कॉलम कोणी वाचत नाही अशी खात्री वाटली तरी लगेच उडवू नये. वाचला जातो का, याची नोंद ठेवावी. एक महिनाअखेर जाऊ द्यावी. हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर एक मार्चअखेरही. काही कोड वर्षातून एकदाच चालतो, आणि त्या रात्री त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला दुसरी तारीख मिळत नाही.