फिरून तीच बोळकंडी

एखाद्या पुस्तकाविषयीं दहा वाचकांचीं दहा मतें पडलीं, तर त्यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु जी कृति पुरी करण्यास तास-दोन तासांहून अधिक वेळ लागूं नये, जींत एकच वाट व एकच शेवट आहे, तिजविषयींही लोकांनीं वर्षानुवर्षें वाद घालीत राहावें, हें मात्र थोडें विचार करण्यासारखें आहे. अशी एक कृति आमच्या पाहण्यांत आहे. ती पुस्तक नव्हे, नाटक नव्हे, चित्रपटही नव्हे. तो एक व्हिडिओ गेम आहे. प्रौढ वाचकांनीं येथेंच पान उलटूं नये, अशी आमची विनंति आहे. आम्हीही एके काळीं असल्या गोष्टींची गणना पोरखेळांत करीत असूं.

ह्या खेळाचें नांव 'पी. टी.'. १२ ऑगस्ट २०१४ रोजीं तो प्लेस्टेशन ४ ह्या यंत्रासाठीं फुकट मिळूं लागला. कर्ता म्हणून '७७८० एस स्टुडिओ' असें कोणीं कधीं न ऐकलेलें नांव त्यावर घातलें होतें. तें बनावट होतें. खेळ शेवटास नेला म्हणजे उलगडा होई, कीं खरे कर्ते जपानांतील नामांकित खेळकार हिदेओ कोजिमा हे असून, मेक्सिकन चित्रपट-दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो ह्यांच्या साहाय्यानें 'सायलेंट हिल्स' नांवाचा एक मोठा खेळ त्यांनीं योजिला आहे, आणि हा त्याचा केवळ मासला आहे. 'खेळतां येणारी झलक' अशा अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें तींच 'पी. टी.'. मोठा खेळ पुढें निघालाच नाहीं. २०१५ च्या एप्रिलमध्यें तो रद्द झाल्याचें कोनामी कंपनीनें जाहीर केलें, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हा मासलाही इंटरनेटवरील दुकानांतून काढून घेण्यांत आला. देवळाचा संकल्प सुटावा आणि नुसतें महाद्वार उभें राहावें, तसा हा प्रकार झाला. आणि लोक त्या महाद्वारासच नमस्कार करूं लागले.

खेळांत करावयाचें तें इतकेंच: चालावयाचें आणि पाहावयाचें. हातीं शस्त्र नाहीं, पाठीशीं सोबती नाहीं. एका घरांतील बोळकंडी आहे. ती मध्येंच काटकोनांत वळते. भिंतींवर तसबिरी आहेत. घड्याळांत २३:५९ झाले आहेत, म्हणजे मध्यरात्रीस एक मिनिट कमी. आणि एका बापानें आपल्या बायकापोरांस ठार मारल्याची बातमी रेडिओ सांगत आहे. बोळकंडीच्या टोंकास कांहीं पायऱ्या उतरून एक दार लागतें. तें उघडून आंत जावें, तों आपण फिरून त्याच बोळकंडीच्या सुरुवातीस उभे! असें पुन्हां पुन्हां होतें. मात्र फेरीगणिक कांहीं तरी बदललेलें असतें. मघां बंद असलेलें न्हाणीघराचें दार किलकिलें होतें, आंतून बाळाचें रडणें ऐकूं येतें, उजेडाचा रंग पालटतो. आणि लिसा ह्या नांवानें खेळणारे जिला ओळखतात ती स्त्री एका वळणावर उभी दिसते. वाट पुढें सुटावयाची, ती हे बदल ओळखल्यानें.

आतां ह्या खेळावरील मतांकडे वळूं. खेळणारांचा पहिला पंथ कोडें सोडविणारांचा. शेवटचें कोडें सुटावयास एक आठवडा तरी लागेल अशी कोजिमांची अटकळ होती. जगभरच्या खेळणारांनीं तें एका दिवसाच्या आंत सोडविलें. परंतु सोडविलें म्हणजे काय केलें, ह्याविषयीं त्यांचें एकमत होईना. कोणी म्हणे, मध्यरात्रीचे टोले पडतांच नेमकीं दहा पावलें चालावीं व मग निश्चल उभें राहावें. कोणी म्हणे, बाळाचें हसणें ऐकूं येईपर्यंत श्वास देखील मोठ्यानें घेऊं नये. तिसऱ्याचें मत, मायक्रोफोनांत अमुक नांव उच्चारल्यावांचून गत्यंतर नाहीं. चौथा शपथेवर सांगे, कीं आम्हीं अवाक्षर न बोलतां दार उघडलें. ज्याला ज्या रीतीनें यश आलें, त्याला तीच रीति खरी वाटली. हा वाद वाचतांना आम्हांस आमच्या आजोळच्या म्हाताऱ्या बायकांची आठवण झाली. त्यांच्यांतही दृष्ट काढण्याच्या मिरच्या पांच कीं सात, ह्यावर असाच वाद चाले. आणि प्रत्येकीपाशीं गुण आल्याचा दाखला तयार असे.

दुसरा पंथ तक्रार करणारांचा. ह्यांचें म्हणणें असें, कीं कोड्यास नियम पाहिजे. नियम शोधूनही हातीं लागत नसेल तर तें कोडें नव्हे, फसवणूक आहे. तिसरा पंथ सर्वांत मोठा असावा, पण तो बोलतो कमी. हे लोक तिसऱ्या-चौथ्या फेरींत कंट्रोलर खालीं ठेवून खोलींतला दिवा लावते झाले, आणि पुढचा खेळ त्यांनीं दुसऱ्यास खेळतांना पाहिला. पहिले दोन पंथ ह्यांस हसतात. ज्यानें खेळ पुरता खेळला नाहीं त्याच्या मतास किंमत ती काय, असें ते विचारतात.

आम्ही २०१४ सालीं दुसऱ्या पंथांत होतों. आमचा भाचा त्या वेळीं पुण्यास आमच्या घरीं राहून इंजिनिअरिंग शिकत असे. त्यानें एका रात्रीं आग्रहानें आम्हांस बसविलें, दिवे मालविले आणि खेळ सुरू केला. आमची आई तेव्हां ऐंशीच्या घरांत होती, पण खडखडीत होती. ती मागें येऊन उभी राहिली, दोन फेऱ्या तिनें पाहिल्या, आणि "त्याच त्या घरांत काय रे फिरतोस? बाहेर जा कीं!" असें म्हणून ती निजावयास गेली. आम्हांस हा अभिप्राय फार मार्मिक वाटला. शेवटचें कोडें भाच्याच्यानें त्या रात्रीं सुटलें नाहीं, आणि आम्हीं निकाल दिला कीं भीतीचा भाग उत्तम, कोड्याचा भाग अन्यायाचा. भाचा रुसला. आम्ही आमच्या मतावर प्रसन्न होतों.

तें मत पुढें ज्या कारणानें बदललें, तें सांगण्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

२०१८ च्या पावसाळ्यापासून आईची स्मृति मंद होऊं लागली. दिवस बरे जात. रात्र झाली म्हणजे ती उठे. आमच्या जुन्या घरांत माजघरापासून पुढच्या दारापर्यंत एक अरुंद बोळकंडी आहे. तींतून भिंतीस हात लावीत ती दारापर्यंत जाई, कडी चांचपून पाही, आणि परत येतांना आमच्या खोलीच्या उंबऱ्यांत उभी राहून विचारी, "दार लावलंस का रे?" आम्ही सांगावें, "होय, लावलं." ती जाई. पांच मिनिटांनीं पुन्हां तींच पावलें, तोच प्रश्न, तेंच उत्तर. कांहीं रात्रीं अशा वीस फेऱ्या होत.

पहिले कित्येक महिने आम्ही कोडें सोडविणारांच्या पंथांत दाखल झालों. दाराला मोठें कुलूप घालून किल्ली तिच्या हातांत देऊन पाहिली. 'दार लावलें आहे' अशी ठळक अक्षरांची पाटी कडीशेजारीं टांगली. बोळकंडींतला दिवा रात्रभर ठेवला, मग तोही मालवून पाहिला. जेवणाची वेळ अलीकडे आणली. एखादा उपाय एका रात्रीं लागू पडे आणि आम्हांस वाटे, सांपडलें! दुसऱ्या रात्रीं तोच उपाय व्यर्थ ठरे. मग आम्ही मनाशीं हिशेब करीत बसूं, कीं काल आपण होकार देतांना उठून बसलों होतों, आज पडून होतों, म्हणून असें झालें असेल. दहा पावलें कीं अकरा, ह्या वादाला हसणारे आम्ही, आमच्याच घरांत पावलें मोजूं लागलों. डॉक्टरांनीं समजावून सांगितलें, कीं तुमचें उत्तर त्यांना कळतें, पण तें त्यांच्यापाशीं टिकत नाहीं. हें समजलें, पटावयास वेळ लागला. रागाच्या भरांत आम्ही तिला दोन-चार वेळां वेडेंवांकडें बोललों, तेंही येथें लपवीत नाहीं.

एके रात्रीं ती नेहमीप्रमाणें उंबऱ्यांत येऊन उभी राहिली. तींच पावलें, तोच आवाज. पण तिनें विचारलें, "अहो, दार लावलंत का?"

सारी बोळकंडी तीच, आणि 'रे'च्या जागीं 'अहो'! आजवर आम्हांस अनेकांनीं बहुमानानें हांक मारली असेल. परंतु त्या एका बहुमानानें अंगावर जसा कांटा आला, तसा कोणत्याही भूतकथेनें आणला नाहीं. मुलगा म्हणून आमची जी ओळख होती, ती त्या फेरींत पुसली गेली होती. ती आम्हांस वडील समजली कीं कोणी परका गृहस्थ, हें आम्हांस कळलें नाहीं. मात्र तिच्या मुद्रेवर जी भीति होती ती आमच्याहून मोठी होती. परक्या घरांत, परक्या माणसाला, रात्रीच्या वेळीं, दार लावलें आहे का हें विचारण्याची पाळी तिजवर आली होती. आणि तरीही तिनें धीर करून विचारलें.

त्या रात्रीं आम्हीं उत्तर दिलें नाहीं. उठून तिच्याबरोबर दारापर्यंत गेलों, दोघांनीं मिळून कडीला हात लावला, आणि परत आलों. पुढें तीन वर्षें, म्हणजे २०२१ त ती जाईपर्यंत, हाच आमचा क्रम राहिला. फेऱ्या कमी झाल्या, असें आम्ही म्हणणार नाहीं. पण बरोबर चालूं लागल्यावर त्या आम्हांस मोजाव्याशा वाटल्या नाहींत. कधीं ती चालतां चालतां माहेरच्या गोष्टी सांगे. क्वचित् एखाद्या फेरींत 'रे' परत येई, आणि आम्ही तेवढ्यावर आठवडा काढूं.

ह्या काळांत ह्या खेळाविषयींचीं मतें आमच्या पुन्हां वाचनांत आलीं, तीं एका बातमीमुळें. २०१९ सालीं एका जाणत्या तंत्रज्ञानें खेळाचे अंतरंग उकलून दाखविलें, कीं विजेरी हातीं आल्यापासून लिसा ही खेळणाराच्या पाठीशीं कायमची चिकटविलेली असते. ती एरवीं दिसत नाहीं, पण सर्व वेळ तेथेंच असते. दिसणारी सांवली व ऐकूं येणारा श्वास तिचाच. ही बातमी वाचून पुष्कळांची गाळण उडाली. परंतु थोड्या खेळणारांनीं निराळेंच लिहिलें होतें, आणि तीं मतें आम्हीं पूर्वीं नजरेआड केलीं होतीं. त्यांचें म्हणणें, कीं रेडिओवरील बातमी नीट ऐका. ही स्त्री बहुधा त्या मारल्या गेलेल्या कुटुंबांतली आहे. जिला तुम्ही भितां, तिच्यावरच सर्वांत मोठा घाव पडला आहे. असें मनांत आल्यावर भीति गेली नाहीं, पण तींत कींव मिसळली, असे ते सांगत. आम्हांस हें मत एकदम ओळखीचें वाटलें.

म्हणून कोड्याच्या अन्यायाविषयींची आमची जुनी तक्रार आम्ही मागें घेतों. कोडें अन्यायाचें आहे, हें खरेंच. पण ज्या घरांत रात्र सरत नाहीं, त्या घराचे नियम न्यायाचे असते तर तो खेळ कोड्यांच्या पुस्तकाहून निराळा झाला नसता. आणि तो नियम कोणास एकट्यानें सांपडला नाहीं, म्हणूनच जगाच्या कानाकोपऱ्यांतल्या अनोळखी माणसांनीं एकमेकांस आपलीं पावलें मोजून सांगितलीं. तिसऱ्या पंथासंबंधींही आमचें मत पालटलें आहे. जो कंट्रोलर खालीं ठेवून दिवा लावतो, त्यानें खेळ पुरा केला नसला तरी खेळाचें म्हणणें पुरतें ऐकलें आहे. बोळकंडी सोडून जाण्याची मुभा असणें हें केवढें भाग्य, हें त्यास कोणी सांगावयास नको.

आमच्या भाच्याचें तें जुनें यंत्र अजून आहे, आणि त्यांत हा खेळही आहे. एकदां पुसला तर तो दुकानांतून पुन्हां मिळावयाचा नाहीं, आणि २०२० सालीं निघालेल्या नव्या यंत्रावर तो चालत नाहीं. असलीं यंत्रें मूळ किंमतीच्या अनेक पटींनीं विकावयास काढणारे लोक निघाले. भाच्याकडेही एकानें विचारणा केली होती. त्यानें नकार दिला. गेल्या दिवाळींत तो घरीं आला असतां आम्हीं आपण होऊन तो खेळ मागितला. त्यानें आश्चर्यानें आमच्याकडे पाहिलें, पण यंत्र जोडून दिलें.

आम्ही पांच फेऱ्या केल्या. सहाव्या वेळीं दाराशीं येऊन कंट्रोलर खालीं ठेवला. "मामा, एवढ्यांतच? पुढें नाहीं खेळायचं?" असें त्यानें विचारलें. आम्हीं सांगितलें, कीं आज इतकेंच पुरे. मग खोलींतला दिवा लावला, आणि संवयीनें उठून पुढच्या दाराची कडी पाहून आलों. खेळावर इतक्या लोकांनीं मतें दिलीं आहेत, त्यांत पुरा न खेळलेल्या एका माणसाचें हें आणखी एक मत जमेस धरावें.